हाताने काढायच्या मेकॅनिकल ड्रॉइंगची स्पर्धा: शीट लावण्यापासून शीट जमा करेपर्यंत

आयटीआयच्या ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेडची मुलं असोत की डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची, स्पर्धेत एक चूक जवळजवळ सगळेच करतात. फ्रंट व्ह्यू (वस्तूचं समोरून दिसणारं चित्र) पूर्ण करतात, तो डार्क करतात, त्याला मापंसुद्धा देतात आणि मग टॉप व्ह्यूला हात घालतात. साइड व्ह्यू काढताना कळतं की एक भोक सुटलंय. तोवर फ्रंट व्ह्यू इतका गडद झालेला असतो की खोडलं तर कागदाचा दोरा निघतो. अशा मुलांना ड्रॉइंग येत असतं, पण कामाचा क्रम चुकलेला असतो. या लेखाचा भर त्या क्रमावर आहे.

उदाहरण म्हणून एक नेहमीचा प्रश्न घेऊ. बेअरिंग ब्रॅकेटचं आयसोमेट्रिक (लांबी, रुंदी, उंची एकत्र दाखवणारं) चित्र दिलंय. बेस १८० × १०० × २०. बेसच्या तळापासून ७५ वर केंद्र असलेला बॉस (भोकाभोवतीचा गोल जाड भाग), बाहेरची त्रिज्या ४५, आतलं भोक Ø५० म्हणजे व्यास ५०. बेसच्या दोन्ही टोकांकडून बॉसला स्पर्श करत जाणारी मागची प्लेट, आणि बॉसला पुढून आधार देणारी मधली रिब (आधाराची पातळ भिंत). एकूण उंची १२०. सगळी मापं मिमीमध्ये. काढायचे आहेत फ्रंट व्ह्यू, सेक्शनल (वस्तू मधून कापली असं धरून काढलेला) लेफ्ट साइड व्ह्यू आणि टॉप व्ह्यू, फर्स्ट अँगल या मांडणीत, ए२ शीटवर, तीन तासांत.

## टप्पा १: साहित्य, आदल्या दिवशी

नियमपत्रिकेत क्लच पेन्सिल आणि गोलांचं टेम्प्लेट चालतं का, ते आधी वाचा. काही ठिकाणी दोन्ही चालत नाहीत आणि ते ऐन वेळी समजतं.

पेन्सिली: रचनेच्या फिकट रेघांसाठी २एच, बाह्यरेषांसाठी एच, अक्षरं, आकडे आणि बाणांसाठी एचबी. ब्रँड एकच ठेवा, कारण एका कंपनीची एच दुसऱ्या कंपनीच्या एचबीइतकी काळी असू शकते. क्लच पेन्सिल चालत असेल तर ०.५ मध्ये एचबी किंवा एच, आणि ०.३ मध्ये २एच. जाड आणि बारीक रेघेचं प्रमाण २:१ असावं लागतं, ते या जोडीने जवळपास आपोआप मिळतं. लाकडी पेन्सिलीचं शिसं ८ ते १० मिमी उघडं ठेवून पॉलिशपेपरवर घासा. अक्षरांसाठी शंकूसारखं टोक, लांब रेघांसाठी पटाशीसारखी धार. शंकूचं टोक लांब रेघेत अर्ध्यावरच बोथट होतं आणि एकाच रेघेची दोन टोकं वेगळ्या जाडीची दिसतात.

कंपास: शिसं बाहेरच्या बाजूने तिरकं घासलेलं, सुई शिसापेक्षा सुमारे १ मिमी पुढे. कंपासवर पेन्सिलीइतका जोर देता येत नाही. म्हणून त्यातलं शिसं एक नंबर मऊ हवं. बाह्यरेषा एचने काढत असाल तर कंपासमध्ये एचबी. हे न केल्यामुळेच बहुतेक शीटवर गोल फिकट आणि सरळ रेघा काळ्या दिसतात.

बाकीचं: डिव्हायडर, ४५° आणि ३०°–६०° चे गुण्ये, खोडायची पत्र्याची पट्टी, पांढरं मऊ खोडरबर, हाताखाली ठेवायला कोरा कागद, जुन्या सुती कपड्याचे दोन तुकडे, क्लिपा किंवा चिकटपट्टी.

शीट घरून न्यायची असेल तर सपाट न्या. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात कागद ओल धरतो आणि फुगतो. नळीतून काढलेली शीट आधीच वळलेली असते. अशी शीट बोर्डवर मध्ये उचलली जाते आणि ड्राफ्टरची (बोर्डला बसवायचं, काटकोनातल्या दोन पट्ट्यांचं साधन) पट्टी तिच्यावर नीट बसत नाही.

## टप्पा २: ड्राफ्टर तपासणं

ड्राफ्टर बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात घट्ट बसवा. हाताने हलवून पाहा. क्लॅम्प जागचा सरकला तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. मग या तीन चाचण्या टाकाऊ कागदावर करा:

काटकोन: ड्राफ्टरने एक आडवी आणि एक उभी रेघ काढा. कोपऱ्यापासून आडवीवर १२०, उभीवर ९० मोजा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५० यायला हवं. १ मिमीचा फरक आला तरी पट्टीचा स्क्रू सैल करून पुन्हा जुळवा.

समांतरता: बोर्डच्या डाव्या टोकाला एक छोटी आडवी रेघ काढा, पट्टी सरकवून त्याच उंचीवर उजव्या टोकाला दुसरी काढा. लांब पट्टीने दोन्ही जोडून पाहा. रेघा एका ओळीत नसतील तर सांध्यांचे स्क्रू सैल आहेत.

खेळ: ड्राफ्टरचं डोकं एका जागी दाबून धरा आणि पट्टीचं टोक बोटाने हलवा. टोक अर्धा मिमी हललं तर सांधा आवळा. तरीही हलत असेल तर त्या दिवशी रेघ काढताना पट्टी मधोमध दाबा, टोकाला नको.

तपासणी: पट्ट्या ओल्या नव्हे, कोरड्या कापडाने पुसा. शीट काळी होण्याचं सगळ्यात मोठं कारण पट्टीच्या खालच्या बाजूला साचलेलं शिसं असतं, हात त्याच्यानंतर येतो.

## टप्पा ३: शीट लावणं आणि चौकट

शीट ड्राफ्टरला जुळवून लावा, बोर्डच्या कडेला नको. आडवी पट्टी शीटच्या खालच्या कडेशी मिळवा, मग वरचे दोन कोपरे क्लिपने धरा. हलक्या हाताने शीट खाली ओढून खालचे दोन कोपरे धरा. ड्राफ्टरची पट्टी जिथून जाते त्या वाटेत क्लिप येऊ देऊ नका.

ए२ म्हणजे ५९४ × ४२०. डावीकडे फायलिंगसाठी २० मिमी, बाकी तिन्ही बाजूंना १० मिमी सोडा. आत काम करायला ५६४ × ४०० उरतात. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ प्रमाणे टायटल ब्लॉक १८५ × ६५ चा, खालच्या उजव्या कोपऱ्यात. त्याची चौकट आत्ताच फिकट काढा म्हणजे ती जागा नंतर कोणी खाणार नाही.

## टप्पा ४: प्रश्न वाचणं (१५ मिनिटं, पेन्सिल खाली ठेवून)

चित्रात बाण किंवा X कोणत्या दिशेला आहे ते पाहा. तीच फ्रंट व्ह्यूची दिशा. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि लेफ्ट साइड व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे येतो. थर्ड अँगलशी (तिथे या जागा उलट असतात) गल्लत इथेच होते. फर्स्ट अँगलच्या चिन्हात शंकूचा तुकडा डावीकडे असतो, त्याचं निमुळतं टोकही डावीकडे, आणि दोन गोल उजवीकडे असतात. हे चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये उलटं काढणाऱ्याचे व्ह्यू बरोबर असले तरी परीक्षकाच्या मनात शंका उरते.

मग कच्च्या कागदावर हाताने, पट्टीशिवाय, तिन्ही व्ह्यू अंगठ्याएवढे काढा. प्रत्येक भोकाला एक अंक द्या. तिन्ही व्ह्यूंत तो अंक कुठे येतो ते लिहा: एका व्ह्यूत गोल, बाकी दोन व्ह्यूंत दोन समांतर रेघा आणि मध्ये सेंटर लाइन (मध्यरेषा). कोणतं भोक आरपार आहे आणि कोणतं नाही, हे इथेच ठरतं. या १५ मिनिटांवर जो पाणी सोडतो तो पुढे अर्धा तास खोडण्यात घालवतो.

## टप्पा ५: जागेचा हिशेब

आडव्या दिशेला दोन व्ह्यू आहेत: १८० + १०० = २८०. ५६४ मधून २८० गेले, २८४ उरले. ते असे वाटा: डावीकडे ८०, दोन व्ह्यूंच्या मध्ये ९०, उजवीकडे ११४.

उभ्या दिशेला १२० + १०० = २२०. ४०० मधून गेले, १८० उरले. वर ५५, मध्ये ६५, खाली ६०.

उरलेली जागा सरळ तीन सारख्या भागांत वाटू नका. मापं बहुतेक करून व्ह्यूंच्या मधल्या जागेत आणि फ्रंट व्ह्यूच्या डावीकडे येतात. पहिली मापरेषा बाह्यरेषेपासून ८ ते १० मिमीवर आणि पुढची प्रत्येक तेवढ्याच अंतरावर. एका बाजूला चार मापं म्हणजे ४० मिमी. ही जागा नसेल तर आकडे दुसऱ्या व्ह्यूत घुसतात.

तपासणी: टॉप व्ह्यू डाव्या चौकटीपासून ८० ते २६० मध्ये बसतो, टायटल ब्लॉक ३७९ पासून सुरू होतो. टक्कर नाही.

सावध: प्रश्नात आयसोमेट्रिकही मागितलं असेल तर हिशेब बदलतो. या वस्तूच्या १:१ आयसोमेट्रिक ड्रॉइंगची रुंदी (१८० + १००) × ०.८६६ म्हणजे सुमारे २४२, आणि उंची १२० + १४० = २६०. साइड व्ह्यूच्या खाली आणि टायटल ब्लॉकच्या वर फक्त १६० मिमी आहेत. १:२ केलं तर १२१ × १३० होतं आणि बसतं. हे पहिली रेघ काढण्याआधी कळायला हवं. वेगळी स्केल घेतली तर त्या चित्राखाली ती लिहा.

## टप्पा ६: फिकट रचना, तिन्ही व्ह्यू एकत्र

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे, साधारण ६५ मिनिटं. रेघ इतकी फिकट असावी की हातभर अंतरावरून जेमतेम दिसेल.

१. तिन्ही व्ह्यूंचे चौकोन काढा: १८० × १२०, १०० × १२०, १८० × १००.

२. सेंटर लाइन. बॉसचं केंद्र तळापासून ७५ वर. ती आडवी रेघ फ्रंट व्ह्यूतून थेट साइड व्ह्यूत न्या, उभी रेघ टॉप व्ह्यूत न्या. एकदा मोजलेलं माप दुसऱ्यांदा मोजायचं नाही, रेघेनेच पुढे न्यायचं.

३. गोल आणि चाप. आधी R४५, मग Ø५०. भोक Ø५० म्हणजे कंपासमध्ये २५. व्यासालाच त्रिज्या समजण्याची चूक घाईत चांगल्या मुलांकडूनही होते, म्हणून कंपास उघडल्यावर पट्टीवर एकदा टेकवून पाहा.

४. त्यानंतरच सरळ रेघा. चाप सरळ रेघेला जोडणं सोपं, रेघ आधी काढून तिला चाप बसवणं अवघड.

प्लेटची तिरकी कड बेसच्या वरच्या कोपऱ्यातून R४५ च्या गोलाला स्पर्श करत जाते. अंदाजाने पट्टी टेकवू नका. कोपरा आणि गोलाचं केंद्र जोडा, त्या रेघेचा मध्य काढा, मध्यावर कंपास ठेवून कोपऱ्यातून केंद्रापर्यंत जाणारं अर्धवर्तुळ काढा. ते R४५ ला जिथे छेदेल तो स्पर्शबिंदू. त्यावर बारीक खूण ठेवा, ती पुढे दोनदा लागते.

पहिल्यांदा साइड व्ह्यूत. आपल्या प्रश्नात सेक्शन आहे, पण सेक्शनशिवाय, बाहेरून दिसणारा साइड व्ह्यू मागितला असेल तर त्यात प्लेटच्या पुढच्या पृष्ठाची उभी रेघ स्पर्शबिंदूच्या उंचीवर थांबते. तिथे आडवी रेघ येत नाही, कारण सपाट पृष्ठ गोल पृष्ठात सलग मिसळतं, कड तयारच होत नाही. ही नसलेली आडवी रेघ काढणं ही या प्रकारच्या प्रश्नांतली सर्वांत नेहमीची चूक आहे. दुसऱ्यांदा खूण लागते डार्क करताना: चाप कुठे संपतो आणि रेघ कुठे सुरू होते हे ती सांगते.

फिलेट (दोन कडा जोडणारा गोलसर चाप) असेल तर केंद्र बेरजेने काढा. ४० त्रिज्येच्या गोलाला बाहेरून आणि एका सरळ रेघेला १५ च्या चापाने जोडायचं असेल, तर चापाचं केंद्र गोलाच्या केंद्रापासून ५५ वर आणि रेघेपासून १५ वर. चाप गोलाला आतून स्पर्श करत असेल तर ४० मधून १५ वजा.

५. रुंदीची मापं टॉप व्ह्यूतून साइड व्ह्यूत ४५° च्या रेघेने न्या. या रेघेचा आरंभ फ्रंट व्ह्यूच्या कोपऱ्यातून होत नाही, कारण आपण मध्ये आडवे ९० आणि उभे ६५ सोडलेत. साइड व्ह्यूची डावी कड खाली वाढवा, टॉप व्ह्यूची वरची कड उजवीकडे वाढवा, जिथे मिळतील तिथून ४५° खाली उजवीकडे. लक्षात ठेवायची खूण अशी: फर्स्ट अँगलमध्ये वस्तूचा मागचा भाग टॉप आणि साइड दोन्ही व्ह्यूंत फ्रंट व्ह्यूच्या जवळ असतो. मागची प्लेट साइड व्ह्यूत डावीकडे आली नसेल तर व्ह्यू उलटा झालाय.

६. लपलेल्या रेघा. दोन रेघा एकावर एक आल्या तर दिसणारी रेघ जिंकते, मग लपलेली, मग सेंटर लाइन. सेक्शन काढलेल्या व्ह्यूत लपलेल्या रेघा दाखवू नका.

थांबा आणि तपासा (१० मिनिटं): कच्च्या चित्रातले भोकांचे अंक एकेक करून तिन्ही व्ह्यूंत शोधा. एकही सापडला नाही तर अजून डार्क करायचं नाही.

## टप्पा ७: सेक्शन ठरवणं

छेदतल (ज्या काल्पनिक तलाने वस्तू कापतो ते) मधल्या रिबमधून लांबीच्या दिशेने जातं. म्हणून रिबला हॅचिंग (कापलेल्या भागावरच्या तिरक्या समांतर रेघा) करायचं नाही. रिब आणि बॉस यांच्यामध्ये बाह्यरेषा काढायची, जणू रिब कापलीच नाही. शाफ्ट, बोल्ट, नट, रिव्हेट, की आणि पिन लांबीत कापल्या गेल्या तरी हाच नियम. रिब हॅच केली तर वस्तू भरीव ठोकळा वाटते, आणि नियम त्यासाठीच आहे.

कोणत्या व्ह्यूत छेदतल दाखवायचं? इथे फ्रंट व्ह्यूत. बारीक चेन लाइन (एक लांब, एक आखूड तुकडा अशी रेघ), टोकांना जाड, बघण्याच्या दिशेने बाण, दोन्हीकडे अ–अ सारखं एकच अक्षर, आणि सेक्शनखाली तेच नाव. हाफ सेक्शन मागितलं असेल तर दोन अर्ध्यांच्या मध्ये सेंटर लाइनच ठेवा, जाड रेघ काढू नका.

भोकाला आटे असतील तर: आतल्या आट्यात आतला गोल जाड आणि बाहेरचा बारीक, बोल्टवर बरोबर उलट. हॅचिंग जाड रेघेपर्यंत न्यायचं, बारीक रेघेवर थांबायचं नाही.

## टप्पा ८: डार्क करणं

क्रम: आधी सगळे गोल आणि चाप, लहानाकडून मोठ्याकडे. मग आडव्या रेघा वरून खाली. मग उभ्या, डावीकडून उजवीकडे. शेवटी तिरक्या. डावखुऱ्यांनी उभ्या रेघा उजवीकडून घ्याव्यात. उद्देश एकच, हात आणि पट्टी काळ्या रेघेवरून जाऊ नये.

रेघ एकाच दमात काढा, पेन्सिल हलकी फिरवत. जाडी जोर लावून वाढवू नका. जोराने कागदाला खाच पडते आणि ती खोडली तरी राहते. लपलेल्या रेघेचे तुकडे सुमारे ३ मिमी, मधली जागा १ मिमी. कोपऱ्यावर तुकडा टेकला पाहिजे, मोकळी जागा नको. सेंटर लाइन बाह्यरेषेच्या थोडी बाहेर जाऊन संपते, आणि दोन सेंटर लाइन एकमेकींना लांब तुकड्यांवर छेदतात.

काही चुकलं तर पत्र्याची पट्टी ठेवून तेवढंच खोडा. चुरा फुंकू नका, कापडाने झटका. तोंडाच्या वाफेने कागदावर डाग पडतो.

## टप्पा ९: मापं, मगच हॅचिंग

मापं आधी, हॅचिंग नंतर. उलट केलं की आकडा हॅचिंगच्या रेघांत हरवतो आणि जागा खोडावी लागते.

मापाच्या बाहेरच्या रेघा मापरेषेच्या पुढे २ ते ३ मिमी जाव्यात. बाण भरीव, लांबी रुंदीच्या तिप्पट, साधारण ३ मिमी लांब. आकडे ३.५ मिमी उंचीचे. लहान माप आत, मोठं बाहेर, नाहीतर रेघा एकमेकींना कापतात. प्रत्येक माप एकदाच. भोकाचा व्यास शक्यतो जिथे गोल दिसतो तिथे द्या. लपलेल्या रेघेवरून माप कधीही घेऊ नका.

आकडे लिहायच्या दोन पद्धती आहेत: मापरेषेच्या वर, रेघेच्या दिशेने वळवून, किंवा मापरेषा तोडून सगळे आकडे सरळ उभे. कोणतीही एक निवडा. एका शीटवर दोन्ही मिसळणं हा सरळ गुण कापण्याचा प्रकार आहे.

हॅचिंग ४५°, रेघांत सारखं अंतर, या आकाराच्या सेक्शनला २ ते ३ मिमी. अंतर डोळ्यांनी राखणं कठीण जातं. गुण्याच्या मागे कडेला समांतर दोन बारीक खुणा करा आणि आधीची रेघ खुणेखाली आणून पुढची काढा. असेंब्ली असेल तर शेजारच्या भागाला उलटा उतार, तिसऱ्या भागाला वेगळं अंतर.

## टप्पा १०: अक्षरं आणि शेवटची पाच मिनिटं

प्रत्येक ओळीला वरखाली दोन फिकट रेघा, अक्षरं त्यांच्यात. शीर्षक ७ मिमी, व्ह्यूंची नावं ५, बाकी ३.५. टायटल ब्लॉकमध्ये नाव, स्केल, तारीख, फर्स्ट अँगलचं चिन्ह, आणि "सर्व मापं मिमीमध्ये". असेंब्लीत भागांची यादी टायटल ब्लॉकच्या वर, खालून वर क्रमांक देत.

रचनेच्या फिकट रेघा खोडायच्या की ठेवायच्या, हे नियमपत्रिकेत नसेल तर ठेवा, फक्त चौकटीबाहेर गेलेली टोकं पुसा. परीक्षकाला स्पर्शबिंदूची रचना दिसली तर प्लेटची कड अंदाजाने काढलेली नाही हे कळतं. वेळेअभावी काही सुटणार असेल तर हॅचिंग किंवा एखादं माप सुटू द्या, पण तिसरा व्ह्यू फिकट का होईना पूर्ण असू द्या. शेवटी क्लिपा काढा, खालच्या दोन आधी. वरच्या आधी काढल्या तर शीट वळून ड्राफ्टरच्या पट्टीवर घासते, आणि सगळ्यात काळा डाग नेमका तेव्हाच पडतो.